नववीच्या वर्गातला कॅमेरा

पाथर्डी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत माती परीक्षणावर बोलायला गेलो होतो. विषय नेहमीचाच. नमुना कसा घ्यावा, बांधालगतची आणि झाडाखालची माती का टाळावी, एवढे सांगून अर्ध्या तासात मोकळा होणार होतो. पण वर्गाच्या खिडकीत एक कुंडी दिसली. कुंडीसमोर विटांची चवड, चवडीवर सुतळीने जखडलेला एक जुना मोबाइल आणि शेजारी भिंतीवर खडूने लिहिलेल्या तारखा. कुंडीत हरभरा होता.

"हे काय चाललंय?" म्हणून विचारले, तर नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आम्ही दादासाहेब फाळक्यांचा पिक्चर करतोय."

मला वाटले, राजा हरिश्चंद्राचे नाटक बसवताहेत. पण हे वेगळेच निघाले.

धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. ज्या डोंगरातून गोदावरी निघून आपल्या कोपरगाव-नेवाशाकडे येते, तिथले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८८५ साली दाखल झाले आणि पुढे बडोद्याला गेले. तिथे सयाजीराव महाराजांनी काढलेले कलाभवन होते. हे महाराजही मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी या होतकरू विद्यार्थ्याला फोटोचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला मोकळी करून दिली. फोटो काढणे, धुणे, छापणे हे फाळके तिथे शिकले. पुढे रतलामला जाऊन तीनरंगी ठसे करण्याची विद्याही घेतली. विद्यार्थी हुशार होता हे खरे, पण अंधारखोलीची किल्ली हातात देणारा गुरू भेटला, ही गोष्टही तितकीच मोठी.

आपल्याकडे फोटोग्राफीचा वर्ग त्याच्याही आधीचा आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ सालीच तो सुरू झाला होता. त्या वर्गातला हरिश्चंद्र चिंतामण हा विद्यार्थी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवून नावाला चढला. म्हणजे शाळेत फोटो काढायला शिकवणे हे आजचे खूळ नव्हे.

फाळक्यांचा धंदा मात्र सुरुवातीला काही चालला नाही. फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, आयुष्य घटते, अशी समजूत त्या काळी गुजरातेत पसरलेली होती आणि गिऱ्हाईक दुरूनच नमस्कार करी. १९१२ साली ते लंडनला जाऊन सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी जे केले ते आम्हा शेतीखात्याच्या लोकांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्यांनी कुंडीत वाटाणे लावले आणि समोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून अधिक काळ ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत गेले. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढतो, हे सगळे मिनिटभरात पडद्यावर दिसले. त्याचे नाव 'अंकुराची वाढ'. ती फिल्म पाहूनच सावकाराचा विश्वास बसला, पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फिल्म धुण्याची रसायने कालवण्यापासून पट्टीला भोके पाडण्यापर्यंत पत्नी सरस्वतीबाई सोबत होत्या. आपल्या सिनेमाचा पहिला नट वाटाण्याचा वेल होता, असे मी आता गावोगाव सांगतो आणि लोक हसतात.

तर या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हाच प्रयोग हरभऱ्यावर लावला होता. सुरुवात मात्र मोबाइलने केली नाही, पुठ्ठ्याच्या खोक्याने केली. पाठ्यपुस्तकातला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक, म्हणजे खोक्याला एका बाजूला सुईचे भोक आणि समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद. त्यातून शाळेपुढची लिंबं उलटी दिसली, मुळं आभाळाला. "पहिल्यांदा वाटलं, माझंच खोकं बिघडलं," ती मुलगी सांगत होती. उजेड सरळ रेषेत जातो, वरचा किरण भोकातून खाली पडतो आणि खालचा वर, हे तिला त्या दिवशी कळले. धड्यातल्या आकृतीवरून नव्हते कळले.

मग मोबाइल. वर्गात पस्तीस पोरे आणि मोबाइल दोन, तेही सरांचे जुने. पहिल्या आठवड्यातल्या फोटोंची तिने वहीत यादीच केली होती: हात हलला, बोट आडवे आले, ऊन समोरून आल्याने माणूस काळा पडला, पान सोडून मागचा बांध स्वच्छ आला. चूक झाली की सर फोटो पुसू देत नसत, चुकीचे कारण लिहायला लावत. माझ्या मते या वर्गातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. आम्ही कृषी पदविकेला असताना प्रयोगवहीतली चूक आधी खोडरबराने खोडायचो आणि मग मार्क मिळायचे.

हरभऱ्याच्या फोटोला रोज सकाळी प्रार्थनेनंतरची वेळ ठरलेली. दोन रविवारी शाळा बंद म्हणून फोटो चुकले, तर पुढच्या रविवारपासून ही मुलगी वाडीवरून दोन किलोमीटर चालत येऊ लागली. एका दिवशी कोंबडीने खिडकीतून येऊन कोंबच खाल्ला आणि सगळे परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला रोप उजेडाकडे वाकत चाललेले फोटोंच्या रांगेत स्पष्ट दिसले. "रोज बघताना वाकलेलं कळत नव्हतं," ती म्हणाली. खरे आहे. पीक आपण रोज बघतो, म्हणूनच ते कधी बिघडायला लागले ते सांगता येत नाही.

आता यातला शेताचा भाग. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत या मुलीच्या वडिलांची कपाशी पाण्यात गेली. एक एकर, त्यावरच वर्षाचे गणित. पंचनाम्याचे पथक यायच्या आधी पोरीने सरांचा मोबाइल मागून घेतला आणि शिकल्याप्रमाणे फोटो काढले. एक लांबून, त्यात बांधावरची विहीर आणि शेजारचे घर येईल असा. एक मधून, ओळी दिसतील असा. आणि मग जवळून काळी पडलेली बोंडे. बाप म्हणाला, "सायेब, म्या म्हनलं पिकाचा इस्कोट झाला अन् ही फोटू काय काढत बसली. पर तलाठी आप्पांनी तेच फोटू बघितले." आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी म्हणतात, पण गाव जुनीच नावे घेते. पथक आले तोवर पाणी ओसरले होते. पाणी किती चढले होते, ते त्या फोटोंतच उरले होते.

हे ऐकताना मला माझाच एक जुना पंचनामा आठवला. भर दुपारी बांधावर उभे राहून मी चाळीसेक फोटो काढले होते. कार्यालयात वरिष्ठांनी ते पाहून विचारले, "ही तळी कुणाची?" पाण्यावर ऊन चमकून पीक दिसतच नव्हते आणि कोणता फोटो कोणत्या गटातला, तेही मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी परत चिखल तुडवला. नववीच्या पोरीला जे ठाऊक आहे ते मला नोकरीच्या सहाव्या वर्षी ठाऊक नव्हते.

शेतकरी बांधवांनो, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून फोटो हा हौसेचा विषय राहिलेला नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची आणि तीही शेतात उभे राहून, कारण फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. ओट्यावर बसून, नाहीतर शेजाऱ्याच्या उसाचा फोटो टाकून भागत नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजार रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा आधी या नोंदीचीच अट होती. पुढे ती सैल झाली, पण तोवर किती जणांनी हेलपाटे घातले ते ग्रामपंचायतीच्या पायरीला विचारा. ज्याला मोबाइल येत नाही त्याने सहायकाकडून पाहणी करून घ्यावी, पण मुदत संपायची वाट बघू नये.

रोगा-किडीचे फोटो तुम्ही आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवता, त्यातले निम्मे निरुपयोगी असतात हे रागाने नाही, काळजीने सांगतो. पानाची वरची बाजू पाठवता आणि मावा-तुडतुडे असतात खालच्या बाजूला. पान उलटे करून फोटो घ्या. अळी केवढी ते कळावे म्हणून शेजारी रुपयाचे नाणे ठेवा. सूर्य पाठीशी हवा, पण आपली सावली पानावर पडू देऊ नका. भर बारा वाजता काढू नका. एक फोटो पूर्ण झाडाचा हवा आणि एक वावराचा, म्हणजे कीड कडेला आहे की सगळीकडे, ते समजते. नुकसानीचा फोटो असेल तर मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. त्यात तारीख, वेळ आणि जागा नोंदलेली असते, व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की ती माहिती गळून पडते आणि फोटोही बारीक होतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. हे मला त्या वर्गातल्या एका पोराने दाखवले.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. शाळेला द्यायच्या वस्तूंची यादी करताना घंटा आणि कपाट यांच्याबरोबर एखादा बरा मोबाइल आणि त्याची तिवई बसवता आली तर बघा. सुतळी आणि विटा किती दिवस टिकणार?

निघताना त्यांनी मला ते चित्र दाखवले. एकतीस फोटो एकापाठोपाठ लावलेले, अर्ध्या मिनिटाचे. माती हलते, कोंब मान काढतो, डुलत-डुलत खिडकीकडे झुकतो. मधेच दोन ठिकाणी रोप एकदम उडी मारते, ते चुकलेले रविवार. बाहेर व्हरांड्यात त्या मुलीची आजी बसली होती. तिनेही पाहिले. आयुष्य हरभरा पेरण्यात गेलेली बाई, तिने परत लावायला सांगितले. तिसऱ्यांदा पाहून म्हणाली, "आसा नाचत येतो व्हय गं त्यो?"

घाटे लागले की अळीचे फोटो काढायला मी परत जाणार आहे. कुंडी मात्र आता मुख्याध्यापकांच्या टेबलावर हलवली आहे, कोंबडी अजून येते म्हणून.