कोळसा भरपूर, तरी काटा ऐंशीवर

थंडीची चाहूल लागली की मढ-गोराईच्या वाड्यांवर, मुलुंड-बोरिवलीच्या उरल्यासुरल्या अंगणांत कोळशावरचे बेत सुरू होतात. त्यात अलीकडे घरी बनवलेल्या पिंपाच्या स्मोकरची भर पडली आहे. दोनशे लिटरचं लोखंडी पिंप उभं करायचं, तळाशी कोळशाची टोपली, वर जाळी, खाली-वर भोकं, आणि झाकण लावून मांस किंवा मासळी धुरावर तासन्‌तास मंद शिजवायची. भोकं पाडून देणारा आणि झडपा बसवून देणारा कारागीर साकीनाक्याला खैरानी रोडवर शोधला की मिळतो. घोडं अडतं ते पुढे. आत ११० ते १३० अंश सेल्सिअस हवेत आणि काटा ऐंशीच्या पुढे हलत नाही. मग लोक वरून आणखी कोळसा ओततात, आणि काटा आणखी खाली येतो.

कमी पडत असते ती हवा. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळायला सुमारे साडेअकरा किलो हवा लागते. घनफळात मोजली तर ती जवळजवळ १० घनमीटर भरते, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपात मावते त्याच्या पन्नासपट. ही सगळी हवा तळाच्या भोकांतून आत येऊन, निखाऱ्यांमधून वाट काढून, झाकणातून बाहेर पडली पाहिजे. ताजा कोळसा ओतला की तो आधी निखाऱ्यांचीच धग ओढून घेतो, शिवाय मधल्या फटी बुजवतो. आग तिथेच घुसमटते.

अमेरिकेत घरोघरी पोहोचलेल्या गोल वेबर ग्रिलचा जन्मही असाच घरगुती खटाटोपातून झाला. शिकागोजवळच्या पत्रेकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये समुद्रात तरंगणारा लोखंडी बोया मधोमध कापून पहिली शेगडी बनवली. झाकण बंद केल्यावर आग विझायची; झाकणाला भोकं पाडली तेव्हा ती टिकली, अशी हकिकत सांगतात.

म्हणून वरचं धुराडं स्वयंपाक संपेपर्यंत पूर्ण उघडं ठेवावं. गरम हवा हलकी होऊन वर निसटते आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. धुराडं जितकं उंच, तितकी ही ओढ जास्त. आच कमी-जास्त करायची ती तळाच्या झडपांनी. टोपलीचा तळ जाळीचा असावा आणि पिंपाच्या तळापासून चार-पाच बोटं वर असावा, म्हणजे राख खाली गळते. सुरुवातीला उत्तम चढलेली भट्टी दोन तासांनी मंदावली, तर नव्वद टक्के वेळा राख साचलेली असते. कोळसा भरण्याआधी चुरी चाळून काढावी, हेही त्याच कारणासाठी.

पेटवण्याची रीत अशी: टोपली न पेटलेल्या कोळशाने भरायची, मधोमध खळगा ठेवायचा आणि बाहेर शेगडीत लाल करून वर राखेचा पांढुरका थर धरलेले निखारे त्यात घालायचे. झाकण लगेच लावू नये. निखारे शेजारच्या कोळशाला धरले की मग झाकण, आणि खालच्या सगळ्या झडपा सताड उघड्या. काटा शंभरावर आला की एकेक झडप अर्धी करत जायचं. १२० ची वाट बघत बसलात तर काटा दीडशेच्या पुढे जातो, आणि तापलेलं पिंप निववणं फार अवघड. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघण्याचा मोहही आवरावा. प्रत्येक वेळी आतली सगळी गरम हवा निघून जाते.

मुंबईच्या हवेचा वेगळा त्रास आहे. कोळसा दमट हवेतलं पाणी शोषतो. पावसाळ्यात गोणपाटात राहिलेला कोळसा तडतडतो, धुमसतो आणि त्याची बरीच धग स्वतःचं पाणी उडवण्यातच खर्च होते. आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवला तरी फरक पडतो. आत पाण्याचं भांडं ठेवत असाल तर ते उकळत्या पाण्याने भरा. प्रत्येक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ७५ ग्रॅम कोळशाची उष्णता जाते. वर्सोवा-गोराईला दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. पिंपाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, तो वाऱ्याने गार पडत राहतो. त्या बाजूला काहीतरी आडोसा हवाच.

काट्यावर विश्वास टाकण्याआधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे तो शंभरच दाखवायला हवा. रायगडात पोपटी लावणाऱ्यांना काटा लागत नाही. वालाच्या शेंगांनी आणि भांबुर्ड्याच्या पाल्याने भरलेलं मडकं उपडं घालून भोवती पालापाचोळा पेटवतात, आणि मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्र करून उडालं की पोपटी झाली म्हणतात. पालापाचोळाही भुसभुशीत रचतात, चोपून नाही. हवेचं गणित त्यांच्या हातात पक्कं बसलेलं आहे.

पिंप घेताना मात्र चिकित्सा करा. रसायनाचं नको, जस्ताचा मुलामा दिलेलं नको; खाद्यतेलाचं असेल तरी आतला रंग रिकाम्या भट्टीत एकदा जाळून काढा. दाट पांढरा धूर येतोय तोवर मांस चढवू नका, ते कडवट होतं. धूर विरळ, निळसर झाला की भट्टी तयार. शेजाऱ्यांच्या फुप्फुसांसाठीही हेच बरं. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितलं आणि पालिकेने हॉटेलांच्या कोळशाच्या तंदूरभट्ट्यांनाही नोटिसा काढल्या. आपण महिन्यातून एकदा भट्टी लावत असलो, तरी या शहराची हवा सगळ्यांची आहे.

आणि एक कळकळीची विनंती. ही भट्टी उघड्यावरच लावा. काचा लावलेल्या बाल्कनीत, जिन्याखाली, गॅरेजमध्ये कधीही नाही. हवा कमी मिळालेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास, आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. जेवणं झाली की वरखालची सगळी भोकं बंद करा आणि पिंप रात्रभर बाहेरच राहू द्या. विझून उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो.