४१ मिनिटांची तयारी

मी बारावीच्या वर्गाला फिजिक्स शिकवते आणि गेली अकरा वर्षं पुण्यातल्या एका मराठी रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवते. आमचा पहिला अल्बम येत्या काही आठवड्यांत येतोय. बँडचं नाव इथे देत नाही, कारण हा लेख जाहिरातीसाठी नाही. गाणी तर कधीचीच बसलेली आहेत, मग अल्बमला एवढी वर्षं का, असं ओळखीचे लोक सतत विचारतात. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही चौघं. ड्रमर चाकणला कारखान्यात आहे, त्यामुळे प्रॅक्टिस कुठल्या वारी होणार हे त्याची पाळी ठरवते. गिटारिस्ट बँकेत आहे, गायक वकिली करतो आणि गाणी लिहितो. धायरीला ड्रमरच्या मावशीची गाडी लावायची पत्र्याची शेड आहे. तिच्या भिंतींना जुन्या गोधड्या आणि गाद्या ठोकल्या आहेत, तीच आमची जॅमरूम. पावसाळ्यात पत्रा असा वाजतो की ड्रमही ऐकू येत नाहीत, म्हणून ते चार महिने आम्ही अ‍ॅम्प न लावता नुसते शब्द आणि चाली बसवतो. रात्री साडेनऊला मावशी दाराशी येऊन उभ्या राहतात. त्या काही बोलत नाहीत, आम्ही वायरी गुंडाळायला लागतो. त्या शेडचं भाडं त्यांनी आजवर घेतलेलं नाही.

इंडिपेंडंट बँड म्हणजे ज्याच्या पाठीशी कुठल्याही म्युझिक कंपनीचा पैसा नाही असा बँड. आम्ही माणशी दरमहा तीन हजार काढत गेलो. २६ महिन्यांत ३ लाख १२ हजार रुपये जमले, तेव्हा स्टुडिओची तारीख घेतली.

बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ला लंडनमध्ये एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली. आधीची चार मिळवून 'प्लीज प्लीज मी' हा त्यांचा पहिला अल्बम झाला. हे उदाहरण आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. पण त्या दिवसामागे हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबांत रात्र रात्र वाजवलेली वर्षं होती, आणि दिवसाचा खर्च कंपनीचा होता. आपल्याकडे मुंबईचा रॉक मशीन हा बँड १९८४ला सुरू झाला, त्यांचा पहिला अल्बम 'रॉक अँड रोल रेनेगेड' १९८८ला आला. दिल्लीच्या इंडियन ओशनचा पहिला अल्बम १९९३ला एचएमव्हीने काढला. तेव्हा स्टुडिओ, कॅसेट आणि दुकानापर्यंतची वाट हे सगळं कंपनीच्या हातात असायचं. २०२२ला दिल्लीच्याच ब्लडीवूडने 'रक्षक' हा पहिला अल्बम स्वतःच काढला आणि तो जगभर ऐकला गेला. दार उघडलं आहे, यात शंका नाही. मात्र कंपनीतली दहा माणसं जी कामं करायची ती आता बँडच्याच अंगावर आली आहेत.

रेकॉर्डिंग आम्ही मे महिन्यात सुरू केलं. रॉकमध्ये आधी ड्रम, मग बेस, मग गिटार आणि शेवटी आवाज, असा साधारण क्रम असतो. एकट्या ड्रमसाठी दहा माइक लागले. ड्रमरच्या कानात 'क्लिक' असते, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, आणि तिच्या बाहेर जायचं नाही. आमचा ड्रमर ध्रुवपद आलं की जरा पुढे पळतो. स्टेजवर त्या पळण्यानेच समोरची माणसं उठून उभी राहतात. क्लिकवर ती गाणी नीटनेटकी झाली आणि मरगळली. शेवटी अल्बममधल्या नऊपैकी सहा गाणी क्लिकवर केली, तीन क्लिकशिवाय एकत्र उभं राहून वाजवली. त्या तिन्हींत लय शेवटपर्यंत थोडी थोडी वाढते. आम्ही ती तशीच ठेवली आहे.

माझं काम दोन दिवसांत संपायला हवं होतं, त्याला आठ दिवस लागले. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात, म्हणजे ४१ हर्ट्झ. त्याच तारेवर तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं की ४९ हर्ट्झचा स्वर निघतो, पाश्चात्त्य नाव 'जी'. आमची दोन गाणी या स्वरावर उभी आहेत. पहिल्या दिवशी मी तो स्वर धरून ठेवला, तर तो स्थिर राहीना. कुणीतरी आवाजाचं बटण हळूहळू खालीवर करावं तसा फुगायचा आणि ओसरायचा, साधारण सेकंदाला एकदा. तार बदलली, वायर बदलली, दुसरी गिटार आणली, फुगणं तसंच. संध्याकाळी हात थांबवून नुसतं ऐकत बसले तेव्हा खाली बारीक घूंऽऽ ऐकू आली. आपल्याकडच्या घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. माझा स्वर ४९ आणि विजेची गुणगुण ५०. दोन जवळजवळच्या वारंवारता एकत्र आल्या की त्यांच्या फरकाइतके ठोके ऐकू येतात, इथे फरक एकचा. याला विस्पंद म्हणतात. दर वर्षी हा धडा फळ्यावर दोन ट्यूनिंग फोर्क काढून शिकवते. त्या दिवशी तो माझ्या छातीत वाजत होता.

इंजिनियर म्हणाला, ५० हर्ट्झची पट्टी फिल्टरने कापून टाकू. ती कापली तर शेजारचा ४९सुद्धा जातो, म्हणजे घूं जाईल आणि तिच्याबरोबर गाण्याचा पायाही जाईल. मी नाही म्हटलं. इलेक्ट्रिशियन आला. त्याने इमारतीच्या मागे अर्थिंगचा खड्डा उघडला. माती मे महिन्याच्या उन्हात कोरडी ठक्क झाली होती आणि तारेची पकड गंजून सैल पडली होती. त्याने पकड घासून आवळली, मीठ टाकलं, रखवालदाराने चार बादल्या पाणी ओतलं. तासाभराने मी पुन्हा तो स्वर लावला. तो सरळ उभा राहिला. मग आधी वाजवलेलं सगळं पुसून पहिल्यापासून वाजवलं. दोन दिवसांचं स्टुडिओचं भाडं आमच्याच हिशेबात धरलं गेलं, त्यावर वाद घातला नाही. नव्या बँडने स्टुडिओ घेताना भाड्याच्या आधी अर्थिंग विचारावं, हे मात्र कळकळीने सांगते.

यंत्रांपेक्षा जास्त वर्षं घेतली ती भाषेने. रॉकची लय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आपटते, तिथे स्नेअर ड्रम वाजतो. इंग्रजीत व्यंजनावर बंद होणारे आखूड शब्द भरपूर, ते त्या आपटण्यावर चपखल बसतात. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि साध्या बोलण्यात ते बहुधा 'आहे', 'नाही', 'होतं' असंच असतं. गायकाच्या पहिल्या वह्यांत दर दोन ओळींनी 'आहे' यायचं, आणि त्यावर स्नेअर पडला की गाणं बातमीपत्रासारखं ऐकू यायचं. एक ओळ होती, 'रस्ता संपत नाही आहे'. तिच्यावर आम्ही तीन महिने अडलो होतो. एका पावसाळी संध्याकाळी मावशींनी आतून हाक मारली, "अरे, पाऊस थांबेना, जेवूनच जा." गायकाने तिथल्या तिथे ओळ बदलली, 'रस्ता संपेना'. तो शेवटचा 'ना' चौथ्या मात्रेवर पडतो, हवा तेवढा ताणता येतो आणि ओरडताही येतो. थांबेना, येईना, सुचेना, करमेना ही ओव्या-अभंगांपासून चालत आलेली रूपं आपल्या घरात रोज बोलली जातात. आम्ही ती बाहेर शोधत होतो.

दुसरा वाद 'घर' या शब्दाचा. भावगीताच्या वळणाने गाताना शेवटचा 'अ' उघडून 'घरऽ' म्हणतात, त्यात गोडवा येतो. आम्हाला गोडवा नको होता. आम्ही 'र'वर तोंड मिटलं आणि त्याच क्षणी स्नेअर ठेवला. दार लागल्यासारखं वाटतं. शाहीर डफावर पोवाडा म्हणतो तेव्हा शब्द असेच ठोकून उभे करतो. मराठीत जोरकस गाण्याची परंपरा नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा समोर बसून पोवाडा ऐकावा. आमच्या गायकाने दोन वर्षं तेच केलं आणि त्याचा फायदा अल्बमभर ऐकू येईल.

तेरा गाणी रेकॉर्ड झाली, अल्बममध्ये नऊ आहेत. वगळलेल्या चारांत आमचं सर्वांत टाळ्या घेणारं गाणंही आहे. ते आम्ही कॉलेजच्या महोत्सवांसाठी बसवलं होतं, त्यात आमच्यापेक्षा आम्हाला आवडणारे बँडच जास्त ऐकू यायचे. गिटारिस्ट पंधरा दिवस नीट बोलला नाही. मला अजूनही निर्णय बरोबर वाटतो. पुढचे अल्बम काहीही करोत, पहिल्यात दुसऱ्या कुणाचा आवाज नको.

क्रम लावायलाही महिना गेला. तबकडीच्या काळात एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं मावायची, आणि तबकडीच्या मध्याकडे सुई सरकली की बारीक, तीक्ष्ण आवाज धूसर व्हायचे. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवण्याची रीत पडली. आम्ही तबकडी काढणार नाही, तरी तीच रीत पाळली. पाचवं गाणं शांत आहे, तिथे श्वास घ्यायला जागा आहे, आणि सहाव्यापासून पुन्हा चढण.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण त्याबद्दल लिहिणं भाग आहे, कारण बँड तिथेच फुटतात. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, त्यांचं रेकॉर्डिंग ही दुसरी. आपल्या कायद्यानुसार शब्द आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क आणखी पक्का केला, आणि तो पैसा गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९पासून आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षरा-अंकांचा ओळखक्रमांक मिळतो, ऐकलं कुणाचं गेलं हे त्यावरून कळतं. आम्ही स्टॅम्प पेपरवर चौघांचे वाटे लिहिले. शब्द गायकाचे, चाली चौघांच्या, रेकॉर्डिंग चौघांचं समान. कागद आमच्या वकील गायकाने केला आणि स्वतःचा वाटा कमी होईल अशीच कलमं घातली. मैत्री आहे म्हणून लिहायला नको, असं ज्या बँडना वाटतं त्यांनी मैत्रीसाठीच लिहावं.

शेवटचं काम मास्टरिंग. नऊ गाण्यांच्या आवाजाची पातळी एकमेकांशी जुळवायची आणि फोनपासून मोठ्या स्पीकरपर्यंत सगळीकडे ती टिकते का पाहायचं. इथे माझं दुखणं आहे. फोनच्या छोट्या स्पीकरला ४१-४९ हर्ट्झ जवळजवळ काढताच येत नाहीत, म्हणजे गाण्याचा तळ नाहीसा होतो. इंजिनियरने बेसला थोडी खरखर दिली. तिच्यामुळे वरच्या पटींतले स्वर, ९८, १४७, १९६ हर्ट्झ, ठळक होतात. मेंदू त्यांच्यावरून नसलेला खालचा स्वर आपणच भरून घेतो. मी रिक्षात बसून फोनवर ते ऐकलं. सिंहगड रोडच्या गर्दीत, इंजिनच्या धडधडीत, तो स्वर तिथे नव्हता आणि तरी मला ऐकू येत होता.

फाइली परवा पाठवल्या. वितरकाचा अर्ज भरताना गाण्यांची नावं रोमनमध्ये लिहा, शोधायला सोपं जातं, असा सल्ला सगळ्यांनी दिला. तो सल्ला व्यवहाराचा आहे. पण 'संपेना' या शब्दासाठी तीन महिने थांबलेल्या माणसांना तो परक्या लिपीत घालवेना. नऊच्या नऊ नावं देवनागरीत आहेत.

नवी गाणी जगभर शुक्रवारी येतात, आमचीही एका शुक्रवारीच येतील. वाचकांना एकच विनंती आहे, आणि ती फक्त आमच्यासाठी नाही. तुमच्या गावात, तुमच्या भाषेत कुणी पोरं पहिला अल्बम काढत असतील तर तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, लावलेल्या क्रमाने, एकदा तरी सलग ऐका. आमचा ४१ मिनिटांचा आहे. आणि जमलं तर फोनच्या स्पीकरवर नको, कानाला हेडफोन लावून ऐका.