शहर दोन, गटार एक

मागच्या महिन्यात आपल्या कार्यक्रमात शोषखड्डा आणि परसबागेबद्दल बोलणं झालं. त्यानंतर तीन-चार गटांकडून एकच प्रश्न आला. आमची वस्ती वर, त्यांची खाली, सांडपाणी उताराने त्यांच्या दारात जातं, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, मग काम करायचं कसं? आधी भांडण मिटवायचं की आधी गटार करायचं?

उत्तर शोधताना आम्हाला एका शहराची हकीकत सापडली. शहर फार लांबचं आहे, सायप्रस नावाच्या बेटावरचं. बेट म्हणजे केवढं, तर आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा थोडं मोठं आणि सातारा जिल्ह्यापेक्षा थोडं लहान. तुर्कस्तानच्या दक्षिणेला, समुद्रात. त्याची राजधानी निकोसिया. तिथलं भांडण आपल्यासारखं बांधावरचं नव्हतं. तिथं बंदुका चालल्या, माणसं मेली, घरं सुटली. तरी त्या शहराचं मैलापाणी आजही दोन्ही बाजूंनी एकाच केंद्रावर जातं. हे कसं जमलं ते आज सांगतो.

आधी भांडण समजून घेऊ. बेटावर दोन समाज राहतात. ग्रीक बोलणारे जास्त आणि तुर्की बोलणारे कमी, शंभरात सुमारे अठरा. १९६० मध्ये इंग्रज गेले आणि देश स्वतंत्र झाला. तीनच वर्षांत, १९६३ च्या डिसेंबरात, राजधानीत दंगल पेटली. ती थांबवायला एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली, की हे इकडे आणि ते तिकडे. पेन्सिल हिरवी, म्हणून तिचं नाव पडलं हिरवी रेषा. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक आले. इथं आपल्या देशाचाही संबंध येतो. या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून काम करताना आपले जनरल थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसमध्येच वारले. नंतर लेफ्टनंट जनरल प्रेमचंद तिथं प्रमुख होते, आणि सगळ्यात वाईट वेळ त्यांच्याच काळात आली.

ती वेळ म्हणजे १९७४ चा उन्हाळा. जुलैत ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने तिथलं सरकार उलथवलं गेलं. पाचच दिवसांत तुर्कस्तानची फौज बेटावर उतरली. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रसी लोक उत्तरेतून दक्षिणेत पळाले, आणि दक्षिणेतले तुर्की सायप्रसी उत्तरेत गेले. संपूर्ण बेट आडवं कापलं गेलं, १८० किलोमीटर लांबीचा मधला पट्टा कुणाचाच उरला नाही. निकोसियाच्या जुन्या तटबंदीच्या आत हा पट्टा काही ठिकाणी एखाद्या बोळाएवढाच आहे. एका गल्लीतली घरं समोरासमोर, मध्ये वाळूची पोती आणि काटेरी तार. तटाला अकरा बुरूज आहेत. पाच इकडे राहिले, पाच तिकडे, आणि एक मधल्या पट्ट्यात.

आता मुद्द्याकडे येऊ. माणसं तोडता येतात, जमीन तोडता येते, पण उतार तोडता येत नाही. निकोसियातली बहुतेक घरं पूर्वी शोषखड्ड्यांवर होती. शहर वाढलं तसे खड्डे भरायला लागले आणि खालचं पाणी बिघडायला लागलं. म्हणून १९७४ च्या आधीच जागतिक बँकेच्या कर्जातून भूमिगत गटाराची योजना सुरू झाली होती. शहराची जमीन ईशान्येकडे उतरते, नदीही तिकडेच जाते. त्यामुळे मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र साहजिकच शहराच्या ईशान्येला, मिया मिलिया नावाच्या गावाजवळ ठरलं. तुर्की भाषेत त्याच गावाला हास्पोलात म्हणतात. काम चालू असताना युद्ध झालं. नळ काही इकडे, काही तिकडे, आणि केंद्राची जागा गेली उत्तरेत, म्हणजे तुर्की बाजूला. काम ठप्प.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबून विचार करा. दक्षिणेकडे माणसं जास्त, मैलापाणी जास्त, पण ते सोडायची जागा शेजाऱ्याच्या ताब्यात. उत्तरेकडे जागा आहे, पण उताराने येणारं पाणी कुणीही थांबवू शकत नाही. दक्षिणेने नळ नीट ठेवले नाहीत, तर घाण उत्तरेच्या नदीत आणि शेतात जाणार. उत्तरेने तोंड बंद केलं, तर ती दक्षिणेच्या घराघरात उलटी येणार. दोघांचेही हात एकाच दगडाखाली. आम्हाला वाटतं, काम पुढे सरकलं ते प्रेमामुळे नाही, या अडचणीमुळे.

दक्षिणेचे महापौर होते लेलोस दिमित्रियादिस, व्यवसायाने वकील. उत्तरेचे होते मुस्तफा अकिन्जी, वास्तुविशारद, वय जेमतेम तिशीचं. १९७८ मध्ये, म्हणजे युद्धानंतर चारच वर्षांनी, दोघांनी ठरवलं की गटाराचं काम एकत्र पुरं करायचं. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं हे, की दक्षिणेचं सरकार उत्तरेच्या कारभाराला मान्यताच देत नव्हतं. कागदावर समोरच्याला ‘महापौर’ लिहिलं, तर त्याचं राज्य मान्य केल्यासारखं. घरचे लोक गद्दार म्हणायला मोकळे. आपल्याकडेही पाहा, ठरावात कुणाचं नाव आधी लिहायचं यावरून सभा मोडलेल्या आहेत.

त्यांनी वाट काढली ती अशी. दोन सरकारं म्हणून न बसता एकाच शहरातल्या दोन समाजांचे प्रतिनिधी म्हणून बसायचं. कोण खरं, जमीन कुणाची, युद्ध कुणामुळे, हे विषय या बैठकीत काढायचेच नाहीत. ते सोडवायला दुसरी माणसं, दुसरं टेबल आहे. इथं फक्त नळ किती रुंद, उतार किती, चेंबर कुठं, पैसे किती. आणि बैठकीचं यजमानपद तिसऱ्याकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडे. दोन्हीकडचे अभियंते मधल्या पट्ट्यातल्या लेद्रा पॅलेस या बंद पडलेल्या हॉटेलात भेटत. एकेकाळचं ते भारी हॉटेल तेव्हा शांतिसैनिकांचं मुक्कामाचं ठिकाण झालं होतं. कुणी कुणाच्या घरी गेलं नाही, कुणी कुणाला बोलावलं नाही, म्हणून कुणी लहानही झालं नाही.

१९८० मध्ये गटार सुरू झालं. दोन्ही बाजूंचं पाणी एकाच केंद्रात जायला लागलं. निकोसिया जमिनीखाली एक आहे, असं लोक गमतीने म्हणू लागले.

या कामाची खरी कसोटी पुढेच लागली. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतःला वेगळा देश जाहीर केलं. तुर्कस्तान सोडून कुणीच ते मानलं नाही. वरच्या पातळीवर बोलणी तुटली, पण खालचं पाणी चालूच राहिलं. कारण ते चालू ठेवायला वरच्या सहीची गरजच ठेवलेली नव्हती. आमच्या मते या हकीकतीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही आहे. कामाची गाठ भांडणाच्या दोरीला बांधायचीच नाही.

गटाराच्या निमित्ताने बसायची सवय झाली, तेव्हा १९७९ मध्येच पुढचं पाऊल पडलं होतं. अख्ख्या शहराचा एकच आराखडा करायचा. त्या आराखड्यात एक फार सुंदर युक्ती होती. शहर असंच तुटलेलं राहिलं तर काय करायचं, आणि उद्या जुळलं तर काय करायचं, असे दोन्ही विचार करून ठेवले. म्हणजे आज बांधलेली गोष्ट उद्या पाडावी लागू नये. जुन्या शहरात रेषेला लागून असलेल्या दोन मोडकळीला आलेल्या वस्त्या निवडल्या, दक्षिणेला ख्रिसालिनियोतिसा आणि उत्तरेला अराबअहमत. दोन्हीकडची जुनी घरं दुरुस्त केली. इकडे केलं तर तिकडेही करायचं, हे पथ्य पाळलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. शहर आजही तुटलेलंच आहे. रेषा ओलांडायची वाट २००३ पर्यंत सामान्य माणसाला बंद होती. बाजारपेठेतला लेद्रा रस्ता तर २००८ मध्ये खुला झाला. शुद्धीकरण केंद्राची जुनी तळी वाढत्या शहराला अपुरी पडली, आणि वासाचा त्रास भोगला तो केंद्राजवळच्या लोकांनी. म्हणून त्याच जागी नवं केंद्र बांधलं. युरोपीय संघाने पैसे दिले आणि दक्षिणेच्या मलनिस्सारण मंडळाने मोठा वाटा उचलला. ते रोज सुमारे ३ कोटी लिटर पाणी शुद्ध करू शकतं, आणि ते पाणी शेतीला वापरता येतं. सायप्रसमध्ये पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा, त्यामुळे माण-खटावच्या आपल्या बायकांना या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता आपल्या प्रश्नाकडे. दोन वस्त्या बोलत नसतील, तर सभा दोघींपैकी कुणाच्या देवळात किंवा ओट्यावर घेऊ नका. शाळेत घ्या, अंगणवाडीत घ्या. निमंत्रण ग्रामसंघाच्या नावाने जाऊ दे. ठरावात पहिलंच वाक्य लिहा, की या कामामुळे जागेच्या किंवा वाटेच्या वादावर कुणाचाही हक्क कमी-जास्त होत नाही. मग माणसं मोकळी होतात. पाणी कुठून निघतं आणि कुठं साचतं, ते दोन्हीकडच्या दोन-दोन बायकांनी बरोबर फिरून पाहावं, कागदावर काढावं. वर्गणी सरसकट समान नको. ज्या वस्तीचं पाणी जास्त तिचा वाटा जास्त, पण जिच्या दारात घाण जाते तिला आधी काम करून द्या. आणि गटार साफ कोण, किती दिवसांनी करणार, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. बांधायला सगळे येतात, उपसायला कुणी येत नाही. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा हा विषय मांडायला कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनी हे सगळं ऐकून विचारलं, “दोन पुरुषांची नावं सांगितलीत, बायका कुठं होत्या?” होत्या. पुढे वर्षानुवर्षं शहराच्या आराखड्याचं काम दक्षिणेकडून अग्नी पेत्रीदू या वास्तुविशारद बाईंनी सांभाळलं आणि उत्तरेकडून अली गुराल्प यांनी. तटाच्या आतल्या जुन्या शहराच्या दुरुस्तीला २००७ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, तो दोन्ही बाजूंच्या कामाला मिळून.

तुमच्या दोन वस्त्यांची बैठक ठरली, तर केंद्रावर कळवा. यजमान म्हणून तिसरं कुणी हवं असेल, तर शेजारच्या गावच्या ग्रामसंघातल्या ताई यायला तयार आहेत. येताना त्या ठरावाचा नमुनाही घेऊन येतील.