केमिकल इंजिनिअर झाल्यावर पुढं काय? माटुंग्याची वाट म्हशापासून फार लांब नाही

म्हसा : तालुक्यातली बरीच पोरं बारावी सायन्स नाहीतर डिप्लोमा करून मुरबाड, बदलापूर, अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागतात. काही जण केमिकलची डिग्रीही पूर्ण करतात. त्यापुढं एम.टेक. किंवा पीएच.डी. असतं हे ऐकून माहीत असतं. पण ते नक्की काय, पैसे किती लागतात, हे घरात कुणाला सांगता येत नाही. मग "आता शिक्षण पुरे, कामाला लाग" असं ठरून जातं.

आधी या शिक्षणात शिकवतात काय ते बघू. केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग एक नव्हे. चंचुपात्रात दोन रसायनं मिसळली की काय तयार होतं, हे केमिस्ट्री सांगते. तेच काम पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये रोज, न बिघडता, माणसं न मरता कसं करायचं, हे केमिकल इंजिनिअर बघतो.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. ओला पेंढा मूठभर असला तर काही होत नाही. त्याचीच मोठी उडवी रचली तर आतून वाफा येतात, हात घालवत नाही. कधी पेंढा काळा पडतो, कधी पेटतोसुद्धा. कारण उष्णता आतल्या सगळ्या पेंढ्यात तयार होते, पण बाहेर पडते फक्त वरच्या अंगाने. भांडं लांबी-रुंदी-उंचीला दहापट केलं तर आतला माल हजारपट होतो आणि थंड व्हायची बाजू मात्र शंभरपटच वाढते. रिअॅक्टरचंही हेच. थंड पाण्याच्या नळ्या किती, ढवळणी कशी, माल एकदम ओतायचा की थोडा थोडा सोडायचा, हा हिशोब चुकला की दाब वाढतो. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला झालेले स्फोट आपल्याकडच्या लोकांना वेगळे सांगायला नकोत. तिथं कामाला जाणारी माणसं आपल्याच गावांतली असतात.

डिग्रीत या हिशोबाची तोंडओळख होते. एम.टेक. दोन वर्षांचं असतं. साधारण पहिल्या वर्षी वर्गातला अभ्यास, दुसऱ्या वर्षी एकच विषय धरून प्रकल्प. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं जातात.

यासाठी देशात नाव असलेली संस्था माटुंग्याला आहे. आयसीटी, जुन्या लोकांच्या तोंडी यूडीसीटी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांना रंग-रसायनाची जाणकार माणसं हवी होती. २००८ पासून ती स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. गोव्यातल्या माशेलचे, गरिबीतून वर आलेले डॉ. रघुनाथ माशेलकर इथलेच, १९६९ चे पीएच.डी. पुढं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. गणपती यादव इथंच शिकले आणि इथंच कुलगुरू झाले. दोघांचेही मार्गदर्शक प्रा. मनमोहन शर्मा. म्हशावरून एसटीने कल्याण आणि पुढं स्लो लोकल, एवढाच प्रवास. पवईची आयआयटी आणि नागपूरची एलआयटी हेही पर्याय आहेत.

आता पैशाचं. बहुतेकांची गाडी इथंच अडते. 'गेट' नावाची परीक्षा असते, साधारण फेब्रुवारीत. तीन तास, शंभर मार्क, चुकलेल्या काही प्रश्नांना मार्क कापतात. फॉर्म आदल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी निघतात. डिग्रीच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. मुलींना आणि एससी-एसटी विद्यार्थ्यांना फी निम्मी. गेट पास होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पीएच.डी.ला ज्युनिअर फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे शेत गहाण टाकायची वेळ यावी असं हे शिक्षण नाही. पैसे कधी कधी उशिरा जमा होतात, तेवढी तयारी ठेवावी.

सगळ्यांनीच एम.टेक. करावं असंही नाही. प्लांटवर शिफ्ट सांभाळायला डिग्री पुरते. नवीन प्लांट डिझाइन करायचा, सेफ्टीचा खोलात अभ्यास करायचा, संशोधन किंवा प्राध्यापकी करायची, तर मात्र पुढं शिकावं लागतं.

दहावी-अकरावीतल्या मुलांच्या पालकांनी एक बघावं, इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीला गणित हवंच. अवघड जातं म्हणून अकरावीतच गणित सोडून बायोलॉजी घेतलं, की ही वाट तिथंच बंद होते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आधीच करून ठेवावा. प्रवेशाच्या आठवड्यात हेलपाटे घालून ते मिळत नाही.