समुद्राच्या गारव्यावर पिकणारी द्राक्षं

निफाडकडे थंडीत पारा उतरला की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पण गारवा मिळावा म्हणून मुद्दाम थंड जागी बाग लावणारा तुम्ही पाहिलाय का? दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात तसं घडलं.

सँतियागो शहर आणि वालपराइसो बंदर यांच्यामध्ये कॅसाब्लांका नावाचं खोरं आहे. समुद्र तिथून तीसेक किलोमीटरवर. १९८२ साली पाब्लो मोरांदे या वाइनतज्ज्ञाने तिथे वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा आसपास गुरांची कुरणं होती.

चिलीच्या किनाऱ्याने हम्बोल्ट हा थंड प्रवाह वाहतो. त्यामुळे खोऱ्यात सकाळी धुकं आणि दुपारी गार वारा. मणी सावकाश पिकतो, साखर हळूहळू चढते, आंबटपणा टिकून राहतो. खायच्या द्राक्षात आपण गोडी बघतो. पांढऱ्या वाइनला तो आंबटपणाच हवा असतो. म्हणून तिथे शार्दोने आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जातींनी जम बसवला.

आता दुसरी बाजू ऐका. थंड हवा जड. रात्री वारा पडला की ती खोऱ्याच्या तळाशी साचते, आणि नेमके तेव्हाच वेलीचे डोळे फुटलेले असतात. तिकडचा वसंत आपल्या सप्टेंबरात येतो. सप्टेंबर २०१३ मध्ये दंव गोठलं आणि कोवळी फूट काळी पडली. उपाय म्हणून बागेत उंच पंखे बसवतात. ते वरची जराशी उबदार हवा खाली ढकलतात. तुषार सिंचनही चालतं, कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं. पण त्याला रात्रभर पाणी हवं, आणि घोडं तिथेच अडतं. अँडीज पर्वताच्या बर्फाचं पाणी आणणारी नदी या खोऱ्यात नाही. सारी भिस्त विहिरींवर, त्यात २०१० नंतर तिथे वर्षानुवर्षं पाऊस कमी पडला. पाण्याचा हिशेब आधी, काडी नंतर, असं तिथलं गणित आहे.

‘मग आपल्या कोकणात का नको?’ असं एखादे सरपंच विचारतील. अहो, आपला अरबी समुद्र उबदार, हवा दमट. चिलीच्या त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो, घड पिकताना आभाळ कोरडं असतं. कोकणात चार महिने धो धो पाऊस. डाऊनीला आयतंच रान मिळेल. किनाऱ्यासाठी रोपं खपवायला कुणी आला, तर त्याच्यापुढे आधी तालुक्याची पावसाची नोंद ठेवा.