लसीनंतरचा त्रास: नोंद वेगळी, भरपाई वेगळी

लस घेतल्यानंतर झालेल्या त्रासाची सरकारदरबारी नोंद झाली, की लस दोषी ठरली आणि भरपाई मिळणारच, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही.

लसीकरणानंतर उद्भवलेल्या कोणत्याही त्रासाला ‘एईएफआय’ (लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना) म्हणतात. तो लसीमुळेच झाला का, हे तज्ज्ञांची समिती कार्यकारण तपासणीत (लस आणि त्रास यांचा संबंध पडताळून) ठरवते. गावात परतीच्या पावसाने भात आडवा झाला की तलाठी पंचनामा करतात; पण पंचनामा म्हणजे मंजुरी नव्हे. तसेच इथेही आहे. मात्र नोंदच नसेल, तर दाव्याचा पाया कच्चा राहतो.

आता भरपाईविषयी. औरंगाबादच्या एका पित्याने लस घेतल्यानंतर झालेल्या डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल १००० कोटी रुपयांची भरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटसह प्रतिवादींना नोटीस बजावली. नोटीस म्हणजे म्हणणे मांडण्याचा आदेश, निकाल नव्हे. त्याच वर्षी अशाच दुसऱ्या प्रकरणात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. तिथे पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो. याउलट ब्रिटनमध्ये १९७९ पासून, तर अमेरिकेत १९८८ पासून दोषनिरपेक्ष भरपाईची (कुणाची चूक सिद्ध न करता मिळणारी) योजना आहे.

म्हणून त्रास जाणवताच आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. लसीचे कार्ड, केसपेपर, तपासण्यांचे अहवाल जपून ठेवा. मृत्यू ओढवलाच, तर शवविच्छेदन टाळू नका.