तुरुंगाचा दाखला आणि आपली वंशावळ



आपल्या वर्गातली एक मुलगी मागच्या महिन्यात शाळेतून एक प्रश्न घेऊन आली. तिच्या मैत्रिणीने शाळेत घरचे एक प्रमाणपत्र दाखवायला आणले होते. मैत्रिणीची आजी 'फेलोशिप ऑफ फर्स्ट फ्लीटर्स' या संस्थेची सभासद आहे, कारण तिचा एक पूर्वज १७८८ साली पहिल्या जहाजांतून ऑस्ट्रेलियात आला होता. "माझे पणजोबा स्वातंत्र्यसैनिक होते ना? मग मला असं कुठे सभासद होता येईल का?" असे आमच्या विद्यार्थिनीने विचारले. "पुढच्या अंकात सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तो हा अंक.

आधी इथल्या संस्थेविषयी. १३ मे १७८७ रोजी इंग्लंडच्या पोर्टस्मथ बंदरातून ११ जहाजे निघाली. २६ जानेवारी १७८८ रोजी ती सिडनी कोव्हमध्ये आली. त्यांत खलाशी होते, शिपाई होते, अधिकारी होते आणि सातशेहून अधिक कैदी होते. या माणसांच्या वंशजांची संस्था १९६८ साली सिडनीत सुरू झाली. तिचे सभासद व्हायला नुसती वर्गणी भरून चालत नाही. वंश सिद्ध करावा लागतो. स्वतःपासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जात प्रत्येक पायरीला जन्माचा, लग्नाचा, मृत्यूचा कागद जोडायचा. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी नोंदणी १८५६ साली सुरू झाली. त्याआधीच्या पिढ्यांसाठी चर्चच्या वह्या शोधाव्या लागतात. आजीने सांगितलेली गोष्ट कितीही खरी असली तरी ती कागद म्हणून धरत नाहीत.

आता गंमत पाहा. या साखळीचे अगदी जुने टोक कोणाचे चांगले सापडते? कैद्याचे. त्याचे नाव, खटला कुठे चालला, शिक्षा किती वर्षांची, हे सगळे सरकारने लिहून ठेवलेले असते. कित्येक घरांनी मात्र हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या लपवली. घरात कोणी कैदी होता हे मुलांना कळू नये, म्हणून वंशावळीतले एक नाव गाळायचे. आज तेच नाव चौकटीत घालून भिंतीवर लावतात!

(२६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन, म्हणून आपण त्या दिवशी गोडधोड करतो. इथल्या मूळ रहिवाशांच्या दृष्टीने त्या दिवशी त्यांची भूमी गेली. १९३८ साली, दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्यांनी सिडनीत सभा भरवून तो शोकदिन म्हणून पाळला. वंशजांच्या संस्थेबद्दल बोलताना हेही मुलांना सांगायला हवे.)

अशा संस्थांचा मोठा पसारा अमेरिकेत आहे. तिथे स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या पुत्रांची संस्था १८८९ साली निघाली. तिने बायकांना घ्यायचे नाकारले, तेव्हा १८९० साली कन्यांनी आपली वेगळी संस्था काढली. या कन्यासंस्थेचा एक नियम आम्हाला फार आवडला. पूर्वज लढाईवर गेलेला असलाच पाहिजे असे नाही. सैन्याला धान्य, जनावरे, सामान पुरवलेले असले तरी चालते, कागद मात्र हवा. पण याच संस्थेने १९३९ साली मरियन अँडरसन या थोर गायिकेला ती कृष्णवर्णीय म्हणून आपले सभागृह दिले नव्हते. पूर्वजांचा अभिमान किती लवकर दुसऱ्याला दाराबाहेर ठेवू लागतो, हे त्यावरून कळते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात काही ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांच्या संघटना आहेत. पण स्वातंत्र्यसैनिक कोणाला म्हणायचे याची सर्वांना माहीत असलेली कसोटी ठरली ती पेन्शनमुळे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्र सरकारने पेन्शन सुरू केली. १९८० साली तिचे नाव 'स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन' झाले. नियम असा की निदान सहा महिने तुरुंगवास घडलेला असावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तीन महिने पुरत. पुरावा म्हणजे तुरुंगाचा दाखला. तो नसेल तर बरोबरच्या कैद्यांची प्रमाणपत्रे. केवळ १९४२ ची चळवळच नव्हे, तर हैदराबाद आणि गोवा मुक्तिसंग्रामांतल्या लोकांनाही ही योजना लागू झाली. त्यामुळे मराठवाड्यातल्या आणि गोव्यातल्या घरांनीही आपल्या पेट्या उघडून पाहाव्यात.

म्हणजे इथे आणि तिथे तुरुंगाची वहीच कामाला येते. ज्या सरकारने डांबले त्यानेच आपल्यासाठी पुरावा जपून ठेवला, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे तुरुंगात गेलेल्याची गोष्ट सहसा कोणी लपवली नाही.

पण जे सापडलेच नाहीत त्यांचे काय? साताऱ्याचे प्रतिसरकार घ्या. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी भूमिगत राहून शेकडो गावांत आपला कारभार चालवत होते. भूमिगत माणसाचे सगळे कौशल्य कागदावर नाव न येऊ देण्यातच! पुढे पेन्शन मागताना मात्र त्याला दाखवावे लागे, की सरकारने आपल्याला फरारी जाहीर केले होते, किंवा आपल्या अटकेसाठी बक्षीस लावले होते, किंवा आपल्याविरुद्ध स्थानबद्धतेचा हुकूम निघाला होता. तसे कागद नसतील तर मोठ्या स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र आणावे लागे. जो अधिक सावध, त्याच्याजवळ पुरावा कमी.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आजोबा १९४२ मध्ये पकडले गेले आणि चार महिने येरवड्याला होते. सहा भरले नाहीत, म्हणून केंद्राची पेन्शन नाही. आजी तर एक दिवसही तुरुंगात गेली नाही. ती पहाटे उठून भूमिगतांसाठी भाकऱ्या थापायची आणि पाटीत खाली भाकऱ्या, वर मेथीच्या जुड्या अशी पाटी डोक्यावर घेऊन रानात पोहोचवायची. अमेरिकेच्या त्या नियमाने ती बसली असती, पण तिथेही कागद मागितलाच असता. आजोबांचा दाखला पत्र्याच्या पेटीत होता. आम्ही तो शोधला तेव्हा अर्धा कसरीने खाल्लेला होता, आणि त्याची नक्कल मिळवायला भारतातल्या आमच्या दोन सुट्ट्या गेल्या.

म्हणून आमच्या विद्यार्थिनीला उत्तर असे की सभासदत्वाचे राहू दे, आधी साखळी जोड. तुझे आणि आईबाबांचे जन्मदाखले घरात असतीलच. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोध, त्यात जन्मतारीख आणि जन्मगाव असते. घरची शेती असेल तर तलाठ्याकडचे वारसांचे फेरफार फार उपयोगी पडतात. खातेदार वारला की त्याच्या मुलांची नावे तिथे चढतात, म्हणजे बाप आणि लेक यांचे नाते सरकारी कागदावर येते. त्याहून जुने हवे असेल तर कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहायच्या. त्या कित्येकदा मोडीत असतात, वाचणारा गाठावा लागतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्यांत तर आपल्या खापरपणजोबांची सहीसुद्धा सापडू शकते. महाराष्ट्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश विभागवार छापला आहे, त्यातही नाव पाहावे.

सर्वांत अवघड कडी आईकडची. लग्नानंतर आडनाव बदलते हे इथल्या लोकांना समजते, पण आपल्याकडे पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. माहेरची इंदू सासरी सुशीला झाली, तर त्या दोघी एकच हे सांगणारा कागद कुठला? कधी कधी फक्त लग्नपत्रिका, तीही कोणी ठेवली असेल तर. म्हणून वंशावळ लिहिताना प्रत्येक बाईची दोन्ही नावे लिहा.

येत्या डिसेंबरात पुष्कळांचे आजी-आजोबा इकडे येणार आहेत. त्यांना आत्ताच फोन करून मूळ कागद नव्हे, झेरॉक्स आणायला सांगा. जुना कागद प्लास्टिकमध्ये कायमचा चिकटवू नका, साध्या पाकिटात ठेवा. आणि ज्यांचा कागदच नाही, त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून टेप करा. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख सुरुवातीला बोलून घ्या. आमच्या आजीची गोष्ट आम्हाला तिच्या धाकट्या बहिणीकडून मिळाली. आजीला आम्ही कधी विचारलेच नव्हते.